कोणी, कोणीतरी, कोणीही

मराठीत मूळ सर्वनामे नऊ, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. या यादीत 'कोणी' नाही, 'काही' नाही. 'कोणीतरी' आणि 'काहीही' तर नाहीतच. सर्वनामांचे सहा प्रकार सांगताना मात्र 'सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम' असा एक प्रकार येतो. त्याची व्याख्या साधारणपणे अशी असते की 'कोण' आणि 'काय' ही सर्वनामे जेव्हा प्रश्न विचारण्यासाठी येत नाहीत, आणि ती कोणत्या नामासाठी आली आहेत हे निश्चित सांगता येत नाही, तेव्हा त्यांना अनिश्चित म्हणावे. म्हणजे प्रश्नातून प्रश्न वजा केला की जे उरते ते अनिश्चित सर्वनाम. व्याख्येनंतर उदाहरणे येतात ती बहुधा उपदेशाची असतात आणि त्यांचा शेवट 'नये'ने होतो. पुढे विद्यार्थी पदवीपर्यंत आणि पदव्युत्तर वर्गापर्यंत येतात, पण या प्रकाराविषयीचे त्यांचे ज्ञान या दोन ओळींपलीकडे जात नाही.

आमचा आक्षेप 'सांगता येत नाही' या शब्दांना आहे. कोणाला सांगता येत नाही? बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, की दोघांनाही? बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असूनही तो नाव घेत नसेल, तर त्यालाही 'सांगता येत नाही' असेच म्हणायचे का? ग्रांथिक वाक्यात हा भेद फारसा जाणवत नाही. रोजच्या संभाषणात मात्र सगळा व्यवहार त्याच भेदावर चालतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात मराठी शिकवताना आम्हांला हे अधिकाधिक जाणवत गेले. येथे बोली, प्रमाणभाषा, हिंदी आणि कार्यालयीन मराठी एकाच पाळीत एकमेकींना भेटतात, आणि कोण कोणाविषयी 'कोणीतरी' म्हणतो याला येथे कधी कधी फार महत्त्व येते.

आधी घडणीकडे पाहू. संस्कृतात प्रश्नवाचक 'कः'ला 'अपि', 'चित्', 'चन' जोडून कोऽपि, कश्चित्, कश्चन ही अनिश्चित रूपे होतात. मराठीनेही हाच मार्ग धरला: 'कोण'ला 'ही' जोडले. जुन्या मराठीतील 'कोण्ही' या रूपात तो हकार स्पष्ट दिसतो. काळाच्या ओघात तो झिजला आणि 'कोणी' उरले. 'ही' आत आहे हे विसरले गेल्यावर भाषेने तो पुन्हा बाहेरून लावला आणि 'कोणीही' झाले. म्हणजे आजच्या 'कोणीही'त 'ही' दोनदा आहे, एकदा झिजून गेलेला आणि एकदा ताजा. 'काही'चे असेच: 'काहीही'. या शब्दावर पूर्वी दोन टिंबे असत, 'कांहीं'. अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढण्याच्या नियमाने ती गेली.

'तरी'ची गोष्ट वेगळी आहे. 'पाच तरी दे', 'आज तरी ये' यांत 'तरी' किमान मर्यादा सांगतो. 'कोणीतरी' म्हणजे किमानपक्षी एक जण, मग तो कोण का असेना. म्हणूनच 'कोणीतरी या रे!' ही हाक देता येते आणि 'कोणीतरी आलंय' ही बातमीही देता येते. पहिल्यात येणारा अजून ठरलेलाच नाही. दुसऱ्यात तो ठरलेला आहे, दारात उभाही आहे, फक्त ओळखलेला नाही. भाषा दोन्हींना एकच शब्द देते. प्रश्नात मात्र ती काटेकोर होते. 'कोणी आलं होतं का?' हा कोरा प्रश्न आहे. 'कोणीतरी आलं होतं का?' असे विचारणाऱ्याच्या मनात संशय आधीच येऊन बसलेला असतो. नकारात तर 'तरी' चालतच नाही; तेथे 'कोणी' किंवा 'कोणीच' हवे.

'एखादा' हे मला-तुला रोज लागणारे विशेषण. ते 'एक' आणि 'आधा' यांच्या जोडीतून आले आहे. एक किंवा अर्धा, म्हणजे जेमतेम एक. हिंदीने 'एकाध'मध्ये हकार जागच्या जागी ठेवला, मराठीत तो 'ध'वरून उडी मारून 'क'वर जाऊन बसला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांत 'कोणता, एखादा' ही रूपे लिहावीत, 'कोणचा, एकादा' लिहू नयेत, असा एक स्वतंत्र नियमच आहे. इतक्या थोड्या नियमांपैकी एक पूर्ण नियम या दोन अनिश्चितवाचक शब्दांवर खर्च व्हावा, यावरून त्या काळी लोक 'कोणचा' आणि 'एकादा' किती मोकळेपणाने बोलत आणि लिहीत असतील याची कल्पना येते. नियमाने मनाई केली म्हणूनच त्या बोलण्याची नोंद राहिली.

बोलण्याची नोंद हीच मराठीच्या इतिहासातील दुर्मीळ वस्तू आहे. सुदैवाने आरंभीच एक मोठा अपवाद आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने संकलित केलेले 'लीळाचरित्र' हे चक्रधरांच्या आठवणींचे गद्य आहे आणि त्यात माणसे बोलतात. 'कवण', 'कव्हण', 'कव्हणी' ही रूपे महानुभाव गद्याच्या वाचकाला पावलोपावली भेटतात. 'कव्हणी एक' असे म्हणून एखादे पात्र कथेत येते तेव्हा निवेदकाला तो माणूस अभिप्रेत आहे, केवळ त्याचे नाव महत्त्वाचे नाही, हे लगेच कळते. 'कोणी एक'चा हाच वारसा पुढे 'कोणे एके काळी'पर्यंत आला. आजच्या बोलण्यात त्याची जागा 'एक जण'ने घेतली आहे. 'एक जण आला होता' म्हणणारा त्या माणसाविषयी पुढे काहीतरी सांगणार, ही अपेक्षा ऐकणाऱ्याला असते. 'कोणीतरी आला होता' म्हणणाऱ्याचे बोलणे तेथेच संपू शकते.

आमच्या या पट्ट्याला जुन्या मराठीचा शेजार अगदी भिंतीला भिंत लागून आहे. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला देहू, मध्ये मोरया गोसावींचे चिंचवड. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि परंपरेने त्यांचे लेखक मानले जाणारे संताजी जगनाडे चाकणचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून सांगितला जाणारा भामचंद्र डोंगर आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी कडेला आला आहे. हे सारे भक्तिभावाने सांगण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की 'कोणी', 'कोणा', 'काही' यांचा सतराव्या शतकातील सर्वांत जिवंत वापर ज्या अभंगांत सापडतो, ते येथल्याच बोलीत रचले गेले आणि येथल्याच एका माणसाच्या हाताने उतरले, अशी परंपरा आहे.

त्याच शतकातील आणि पुढच्या पेशवाईतील कागदपत्रांत दुसरी अनिश्चितता दिसते. अभयपत्रांतून आणि सनदांतून 'कोणेविशी' उपसर्ग लागू न देण्याची हमी येते. 'कोणेविशी' म्हणजे कोणत्याही बाबतीत. फारसी 'हर' घेऊन 'हरएक', 'हरकोणी' आले, अरबी 'फुलान'वरून 'फलाणा' आला आणि संस्कृत 'अमुक' तर नमुन्याच्या कागदात आधीपासून होताच. 'अमुक' आणि 'कोणी' यांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. 'अमुक' म्हणजे नाव ठरलेले आहे, पण या कागदावर त्याची जागा मोकळी सोडली आहे. 'कोणी'ला मागे नाव असायलाच हवे असे नाही. आजही 'अमका आला, तमका आला' असे म्हणणाऱ्याला सगळ्यांची नावे येत असतात. त्याला ती सांगत बसायचे नसते.

छापील व्याकरणांचा काळ सुरू होतो तो विल्यम केरीपासून. सेरामपूरला १८०५ साली छापलेल्या त्याच्या मराठी व्याकरणाला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते आणि पुस्तकाच्या नावातच तसे म्हटले होते. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात परक्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवत होता. त्यांना बाजारात, कचेरीत, नोकराशी बोलायचे होते. पुढे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. ही व्याकरणे मराठीभाषकांसाठी होती. ज्यांना बोलता येतेच त्यांना बोलणे कशाला शिकवायचे, या रास्त वाटणाऱ्या विचाराने संवाद गळाले. दामल्यांच्या ग्रंथाची थोरवी आम्ही जाणतो. शब्दांच्या वर्गीकरणाविषयी इतक्या कसोशीने वाद घालणारा ग्रंथ मराठीत दुसरा नाही. पण वर्गीकरण हेच ध्येय ठरले की 'कोणीतरी' हे 'कोण'च्या खाली एका ओळीत बसते आणि तेथेच राहते.

परक्याच्या कानाने ऐकले तर काय दिसते, याचे एक उदाहरण बाहेरचे आहे. मार्टिन हास्पेलमाथ यांनी १९९७ साली केवळ अनिश्चित सर्वनामांवर एक ग्रंथ लिहिला आणि चाळीस भाषांचा तपशीलवार नमुना घेऊन या शब्दांच्या उपयोगांचा एक नकाशा मांडला. बोलणाऱ्याला व्यक्ती ठाऊक आहे, ठाऊक नाही, ती अजून ठरलेलीच नाही, प्रश्न, अट, तुलना, नकार, मुक्त निवड अशी त्यातली ठिकाणे आहेत. त्या चाळिसांत हिंदी-उर्दू आहे, कन्नड आहे, डचही आहे, मराठी नाही. दोन्ही बाजूंचे शेजारी मोजले गेले आणि मधले घर राहून गेले! डचचे उदाहरण आम्हांला विशेष उपयोगी वाटते. 'ईमंत' म्हणजे कोणीतरी आणि 'नीमंत' म्हणजे कोणी नाही. दोन्हींच्या पोटात 'माणूस' हा शब्द आहे, प्रश्न नाही. शिवाय ग्रांथिक डचमध्ये सर्वसाधारण माणसासाठी 'मेन' हे सर्वनाम आहे, पण गप्पांत लोक त्याऐवजी सरळ 'तू' म्हणतात किंवा 'ते' म्हणतात. मराठीतही 'आपण काय करणार?' मधला 'आपण', 'माणसाने किती सहन करायचे?' मधला 'माणूस', आणि कर्ताच नसलेले 'म्हणतात' हीच कामे करतात. व्याकरणात ती तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली आहेत.

डचच्या पोटात माणूस आहे, मराठीच्या पोटात प्रश्न आहे, आणि तो प्रश्न पुरता मेलेला नाही. 'कोण'चे तृतीयेचे रूप 'कोणी' असेच होते. म्हणून 'पत्र कोणी वाचले नाही' हे वाक्य कागदावर दोन प्रकारे वाचता येते: एकानेही वाचले नाही, किंवा न वाचणारा कोण? बोलताना सूर हा भेद करतो. 'कोणाला सांगितलंस?' आणि 'कोणाला सांगू नकोस' यांतही रूप एकच आहे. भूतकाळी सकर्मक वाक्यात प्रश्न आणि अनिश्चितता अशी एकाच शब्दात राहू लागल्यावर 'कोणीतरी'ची गरज वाढते. आमच्या मते आधुनिक बोलण्यात 'तरी' इतका पसरण्याचे एक कारण येथे आहे.

आता या पट्ट्यातील बोलण्याकडे येऊ. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहू लागला. राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, गावांची मिळून नगरपालिका १९७० साली झाली आणि १९८२ साली महापालिका. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली आला, फोक्सवॅगनचा २००९ साली. या पन्नास-साठ वर्षांत सातारा-सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून माणसे आली; नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून. मूळची मावळ-खेडची शेतकरी मराठी 'कोन बी', 'काय बी' म्हणणारी. शाळेने तिला 'कोणीही', 'काहीही' शिकवले. जी मुले 'बी' म्हणायला लाजू लागली, त्यांच्याच नातवंडांच्या कानांवर आता हिंदीतला 'कोई भी' दिवसभर पडतो आणि त्यांच्या तोंडी 'कोणी पण', 'काय पण' येते. उत्तरपत्रिकेत आम्ही 'कोणी पण' खोडतो. संभाषणात ते खोडण्याचा अधिकार मात्र आम्हांला आहे असे वाटत नाही. 'बी', 'ही' आणि 'पण' यांपैकी प्रत्येकाने आपापल्या काळी तेच काम केले आहे.

हिंदीच्या संगतीने होणारा दुसरा बदल अधिक खोल आहे आणि त्याचे आम्हांला खरोखर वाईट वाटते. 'कोई आया है' यात हिंदीला पुल्लिंगाशिवाय गत्यंतर नाही. मराठीत 'कोणीतरी आलंय'. अनोळखी माणसाचे लिंग ठाऊक नाही, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी. जुन्या ग्रांथिक गद्यात 'कोणी आला' असे पुल्लिंगच पुष्कळदा दिसते; नपुंसकलिंग ही बोलण्याने सांभाळलेली सोय आहे. बायका ज्या जुळणीच्या ओळींवर मोठ्या संख्येने काम करतात तेथे 'कोणी राहिलं का आत?' हा प्रश्न सर्वांना सारखाच लागू होतो. 'कोणी राहिला का?' म्हटले की निम्म्या जणी बाहेर पडतात. व्याकरण शिकवताना नपुंसकलिंगाच्या यादीत आम्ही घर आणि झाड सांगतो. 'कोणी'चे हे नपुंसकलिंग यादीत कधी येत नाही.

या नपुंसकलिंगाचा आणखी एक खेळ आहे. 'कुणीतरी आज रुसलंय वाटतं' असे घरात म्हटले जाते तेव्हा रुसलेली व्यक्ती समोरच बसलेली असते. 'कुणीतरी आज पुन्हा उशिरा आलंय' असे पर्यवेक्षक सर्वांदेखत म्हणतो तेव्हाही तसेच. मान खाली घालणारा एकच असतो. येथे सर्वनाम अनिश्चित आहे आणि व्यक्ती अगदी निश्चित. पाठ्यपुस्तकातील व्याख्या या वाक्यांना लागूच पडत नाही. नाव न घेणे ही या ठिकाणी कधी माया असते, कधी टोमणा. कोणते, हे फक्त त्या दोघांचे नाते सांगते. 'काहीतरीच!' हा जुन्या कथा-कादंबऱ्यांतील लाजेचा उद्गार होता. त्याची जागा आता 'काहीही!'ने घेतली आहे, आणि २०१३ साली सुरू झालेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेने त्यापुढे 'हं' लावून तो घरोघरी पोचवला. लाज गेली आणि अविश्वास आला. दोन्हींत वस्तू मात्र अनिश्चितच राहिली.

एवढे सगळे शब्दांचे कौतुक म्हणून सोडून देता आले असते. पण बोलण्यातले 'कोणीतरी' जेव्हा कागदावर जाते तेव्हा त्याचे काय होते, हे या परिसरात वारंवार पाहायला मिळते. फिर्यादीच्या मराठीत 'कोणीतरी अज्ञात इसमाने' हा शब्दप्रयोग ठरलेला आहे. वृत्तपत्रांतूनही तो तसाच उतरतो. वरवर पाहता ही द्विरुक्ती आहे. वास्तविक त्यात दोन वेगळी विधाने आहेत. 'कोणीतरी' एवढेच सांगते की बोलणाऱ्याने ओळख दिलेली नाही. 'अज्ञात' सांगते की ओळख ठाऊक नाही, आणि हे लिहून घेणाऱ्याचे विधान आहे. त्यातला 'इसम' हा शब्द अरबी 'इस्म'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'नाव' असा आहे. नाव नसलेल्यासाठी मराठी कचेरीने 'नाव' हाच शब्द वापरावा, ही भाषेची गंमत आहेच. पण तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

समजा, यंत्रात काही बिघाड झाला, एखाद्याच्या हाताला इजा झाली, आणि कारखान्यांत जिला नुसते 'एन्क्वायरी' म्हणतात ती खात्यांतर्गत चौकशी बसली. कंत्राटी कामगार जबाबात म्हणतो, 'कुणीतरी बटण दाबलं.' त्याला कोणी दाबले ते दिसलेले असेल आणि सांगायची भीती वाटत असेल. सोबत्याला वाचवायचे असेल. खरोखरच दिसले नसेल. किंवा वरून आलेल्या हुकमाने दाबले गेले हे त्याला सुचवायचे असेल. 'कुणीतरी' या चारही शक्यता उघड्या ठेवते, आणि ऐकणारा मराठी माणूस त्यांतली कोणती खरी हे सुरावरून आणि डोळ्यांवरून ताडतो. लिहून घेणारा लिहितो, 'सदर बटण कोणी दाबले याची मला माहिती नाही.' आता 'कोणी' पुन्हा प्रश्न झाला आहे, आणि जबाब देणाऱ्याने कधीच न केलेले अज्ञानाचे विधान त्याच्या सहीनिशी नोंदले गेले आहे. पुढे त्याने नाव सांगितले, तर आधी माहिती नाही म्हणालात, मग आता कशी झाली, हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार. जबाब हिंदीत दिलेला आणि मराठीत उतरवलेला असेल, तर 'किसी ने'चे भाषांतर करताना लिहिणाऱ्यापुढे 'कोणी', 'कोणीतरी', 'एकाने' आणि 'अज्ञात इसमाने' असे चार पर्याय असतात. त्यांतला सर्वांत कोरडा पर्याय निवडला जातो, कारण कार्यालयीन मराठीचा तोच संस्कार आहे.

आमच्या वर्गात अशा कामगारांची मुले-मुली येतात, आणि काही जण पाळी संपवून स्वतःच येतात. पदव्युत्तर वर्गाच्या व्याकरणाच्या तासाला अलीकडे आम्ही त्यांना आठवडाभर घरी, बसमध्ये, उपाहारगृहात ऐकलेली 'कोणी'ची वाक्ये, कोण कोणाला म्हणाले याच्या नोंदीसह, वहीत उतरवायला सांगतो. वाक्यापुढे एक रकाना असतो: बोलणाऱ्याला नाव ठाऊक होते का? पहिल्या दिवशी तो रकाना बहुतेक वह्यांत रिकामा येतो. दोन-तीन दिवसांनी तेथे 'हो, पण', 'बहुतेक', 'सगळ्यांनाच होते' अशी उत्तरे दिसू लागतात, आणि मग तासाला 'सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम' हे शीर्षक फळ्यावर लिहिले की शेवटच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारते, 'अनिश्चित कोणाला, सर?'